देवदार : हक्क आणि सवलत



देवदार हा शब्द आपल्या शहरातल्या माणसाला पहिल्याने भेटतो तो खोक्याच्या रूपाने. आंब्याची पेटी, यंत्राचे खोके, दुकानातली तात्पुरती मांडणी. लाकूड कोणते म्हणून विचारले की सुतार म्हणतो, "देवदारी आहे," आणि हे तो जरा नाक मुरडूनच म्हणतो. देवदारी म्हणजे हलके, स्वस्त, चार दिवसांचे लाकूड, असा आपल्या बाजाराचा समज आहे. चीड, फर अशा मऊ लाकडांना सरसकट देवदार म्हणण्याची वहिवाट आपल्याकडे पडली, त्याचा हा परिणाम. खऱ्या देवदाराची गोष्ट अगदी उलट आहे. ते लाकूड शेकडो वर्षे टिकते. नावातच त्याचा मान आहे. 'दारु' या शब्दाने कोणी दचकू नये. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड. देवांचे लाकूड तो देवदार.

हे देवांचे लाकूड सरकारचे केव्हा झाले, आणि ते होताना डोंगरातल्या माणसाचे काय झाले, एवढाच आज आमचा विषय आहे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. अफगाणिस्तानापासून काश्मीर, हिमाचल, गढवाल ओलांडून नेपाळच्या पश्चिम भागापर्यंत, साधारण दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीवरच्या डोंगरउतारांवर देवदार वाढतो. बारा महिने हिरवा. पाने सुईसारखी, बोटाच्या दोन पेरांएवढी, झुबक्यांनी येणारी. फांद्या आडव्या थरांनी पसरलेल्या, कोवळ्या झाडाचा शेंडा किंचित लवलेला. चाळीस-पन्नास मीटर उंची तो सहज गाठतो. म्हणजे आपल्या चार मजली चाळीवर तशाच दोन-तीन चाळी रचाव्यात एवढी. पण त्याला घाई नाही. रेल्वेचे स्लीपर निघण्याजोगे खोड व्हावयास शंभर वर्षांच्या आसपास काळ लागतो. त्याच्या गाभ्यात सुगंधी तेल असते. त्यामुळे वाळवी त्याला तोंड लावीत नाही आणि पाण्याने ते लवकर कुजत नाही. हाच त्याचा गुण आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, हाच त्याचा घात.

आपल्या वाङ्मयात या झाडाला मोठा मान आहे. कालिदासाच्या रघुवंशात, दुसऱ्या सर्गात, दिलीप राजा गाय राखीत हिमालयात जातो. तेथे गाईवर झडप घालणारा सिंह त्याला समोरचा देवदार दाखवितो. हे झाड शंकराने मुलगा मानलेले, पार्वतीने घड्याने पाणी घालून वाढविलेले. एकदा एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, तेव्हा पार्वतीला पोटच्या पोराला जखम व्हावी तसे दुःख झाले, आणि तेव्हापासून या सिंहाला राखण नेमले गेले. कवीने येथे आपल्याला एक व्यवस्थाच सांगितली आहे. पाणी कोणी घातले, झाड कोणाचे, राखण कोणाची, हे तिन्ही त्यात आले. या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच घरात होती तोवर झाड उभे राहिले. इतिहासात ती घरे वेगळी झाली.

झाड तोडले जात नव्हते असे मात्र कोणी समजू नये. हिमाचलातली जुनी घरे व देवळे देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून बांधलेली आहेत. भूकंपात ती तगतात. मनालीचे हिडिंबा देवीचे लाकडी देऊळ १५५३ सालचे. श्रीनगरची जामा मशीद पंधराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झाली. आगी लागून ती पुनःपुन्हा बांधावी लागली, तरी तिचे साडेतीनशेहून अधिक खांब देवदाराचेच. तोड होतीच, पण ती घराला तुळई, देवळाला कळस, नदीला पूल एवढ्या मापाची होती. काही राने देवाच्या नावाने सोडलेली असत आणि त्यांत कुऱ्हाड चालत नसे. कोणी, किती व कोठून न्यावे, हे गावाला ठाऊक असे. कागदावर काहीच नव्हते. होती ती वहिवाट. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा झगडा त्यावरच झाला.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. हा दिवस आपण अभिमानाने आठवतो आणि तो आठवावा असाच आहे. त्या मार्गाची लांबी २१ मैल. एक मैल रुळांखाली १७६० ते २००० स्लीपर लागत. म्हणजे या पहिल्या एकाच मार्गाचा हिशेब सदतीस हजारांच्या घरात जातो. १८९० पर्यंत देशात सुमारे २५,५०० किलोमीटर रूळ पडले. त्याच प्रमाणाने गुणाकार केला तर पावणेतीन कोटींहून अधिक स्लीपर होतात. त्यांतले काही लोखंडी होते हे खरे. परंतु लाकडी स्लीपर एकदा टाकून भागत नाही; दहा-पंधरा वर्षांत तो बदलावा लागतो. रूळ लोखंडाचे, इंजिन विलायतेचे. पण गाडीचा भार शेवटी पडला तो झाडावर.

सुरुवातीला स्लीपरसाठी युरोपातले पाइनचे लाकूड तेलात मुरवून बोटींनी येई. ते महाग पडे. १८५७ च्या उठावानंतर तर सैन्य झपाट्याने हलवावयाचे म्हणून सरकारला रेल्वेची निकड लागली. तेल न पाजता जमिनीत टिकणारी मुबलक लाकडे हिंदुस्थानात तीनच निघाली : साग, साल आणि देवदार. सागाची राने दक्षिणेत व ब्रह्मदेशात. दिल्ली, अमृतसर, लाहोर या बाजूच्या रेल्वेला जवळचा तो देवदार. शिवाय त्याच्या पायथ्याशी वाहती सडक तयारच होती : झेलम, चिनाब, बियास, सतलज, यमुना, भागीरथी. डोंगरात लाकूड पाण्यात सोडावे आणि मैदानात ते अडवून काढावे. चिनाबचा माल वजिराबादेला, सतलजचा फिल्लौरला, गंगेचा हरिद्वारला.

या धंद्यात पहिले मोठे नाव निघते ते फ्रेडरिक विल्सन याचे. सैन्यातून बाहेर पडलेला हा इंग्रज भागीरथीच्या काठी हर्सिलला येऊन राहिला. १८५० च्या सुमारास त्याने टिहरीच्या राजाकडून जंगलाचा मक्ता घेतला. मक्त्याची रक्कम वर्षाला ४०० रुपये! लाकूड नदीत सोडून हरिद्वारला काढण्याची युक्ती त्याने मोठ्या प्रमाणावर चालविली आणि तो गबर झाला. त्याने देवदाराचा टोलेजंग वाडा बांधला, स्वतःची नाणी पाडली. लोक त्याला 'राजा विल्सन' म्हणू लागले. त्याच्यावर पुस्तके निघाली आहेत, त्याच्या दंतकथा अजून सांगतात.

परंतु लाकूड काही विल्सनने तोडले नाही. कुऱ्हाडीने झाड पाडावयाचे, तेथल्या तेथे ओंडक्याखाली मचाण बांधून एकाने वरून व एकाने खालून करवत ओढावयाची, एकेक स्लीपर कापावयाचा, तो पाठीवरून घसरणीपर्यंत न्यावयाचा. पावसाळा ओसरून पाणी उतरले की हिवाळ्याच्या तोंडाला माल नदीत सुटे. खडकात अडकलेले लाकूड मोकळे करावयाला माणसे बर्फाच्या पाण्यात उतरत. बियास-सतलजेवर ती फुगवलेल्या म्हशीच्या कातड्यावर पालथी पडून धारेत शिरत. लाकूड सुटले की मागचा सारा लोंढा त्यांच्या अंगावर येई. गिरणीत पट्ट्याजवळ किंवा गोदीत वाऱ्याखाली काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. या माणसांच्या नावाचे एकही नाणे पडले नाही.

नफा पाहून सरकार जागे झाले. १८६४ साली जंगलखात्याची स्थापना झाली आणि डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनस्पतितज्ज्ञाला पहिला मुख्य वनाधिकारी नेमले. त्याच सुमारास टिहरी, बुशहर, चंबा या संस्थानांतली देवदाराची राने सरकारने स्वतःच्या मक्त्याने घेतली. १८६५ साली पहिला जंगल कायदा झाला. तो अपुरा वाटला म्हणून १८७८ साली दुसरा आला, आणि खरे युद्ध या दुसऱ्या कायद्याच्या वेळी कागदावर लढले गेले.

प्रश्न असा होता. पिढ्यान् पिढ्या गावकरी ज्या रानातून लाकूड, चारा, पाला आणतो, त्या रानावर त्याचा हक्क आहे की नाही? सरकारी गोटात बेडन हेन्री बेडन-पॉवेल नावाचा अधिकारी होता. बालवीरांच्या चळवळीचा संस्थापक तो निराळा. हा त्याचा वडील सावत्र भाऊ. त्याचा युक्तिवाद असा की, राज्यकर्त्याने लेखी मान्य केलेला असेल तोच हक्क. बाकीचे जे गावकरी आजवर करीत आले ती केवळ सवलत, मालकाने खुशीने दिलेली आणि मालकाला केव्हाही काढून घेता येणारी. लिहिता न येणाऱ्या माणसाजवळ लेखी पुरावा मागावयाचा आणि तो नाही म्हणून हक्क नाही म्हणावयाचे! ब्रँडिसचे मत इतके टोकाचे नव्हते. गावाला गावाची राने असावीत असे तो म्हणत होता. पण कायदा झाला तो बेडन-पॉवेलच्या बाजूने. जंगलाचे राखीव, संरक्षित व ग्रामवन असे तीन भाग पडले आणि उत्तमोत्तम रान पहिल्या भागात गेले. राखीव रानात गावकरी पाऊल टाकील तो पाहुणा म्हणून. लाकूड उचलील तो चोर म्हणून.

हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू होता, म्हणून त्याचा निषेध आपल्याकडूनही झाला हे सांगताना आम्हाला समाधान वाटते. न्यायमूर्ती रानडे ज्या संस्थेचे प्राण होते त्या पुणे सार्वजनिक सभेने मसुद्याला हरकत घेतली. रान राखावयाचे तर गावकऱ्याला विश्वासात घेऊन ते अधिक सोपेपणाने राखता येईल, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. पाच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात जंगलखात्याने डोंगर, दऱ्या आणि पडीक गायराने बळकावल्याने गरीब शेतकऱ्याला शेळ्या-गुरांसाठी जागा उरली नाही, ही तक्रार जळजळीत शब्दांत आली आहे. एक सभा सुशिक्षितांची, दुसरा माणूस शेतकऱ्यांचा कैवारी. दोघांचे इतर अनेक बाबतींत पटत नव्हते. या एका अन्यायावर दोघांनी बोट ठेवले.

हक्क आणि सवलत यांत एवढा काय फरक, असे कोणी विचारील. लाकूड मिळाल्याशी कारण! युनियनचे काम करणाऱ्या आमच्यासारख्याला हा प्रश्न नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांत लागोपाठ काही वर्षे कामगारांना बोनस मिळाला. १९२३ सालचा मालकांनी नाकारला. १९२४ च्या आरंभी दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सरन्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिने निर्णय दिला की, रिवाजाने, कायद्याने वा न्यायबुद्धीनेही कामगारांचा बोनसवर हक्क शाबीत होत नाही. म्हणजे दिला तेव्हा मालकाची मेहेरबानी. दिला नाही तर कामगाराची हाव. बोनसचा कायदा व्हावयास त्यानंतर १९६५ साल उजाडले. सवलत घेणाऱ्याला मान खाली घालून घ्यावी लागते, आणि ती काढून घेतली तर कोणत्याही दारात दाद मागता येत नाही. फरक तो एवढा.

देवदाराच्या रानात या फरकाची किंमत रक्ताने मोजावी लागली. यमुनेच्या वरच्या खोऱ्यात रवांई नावाचा मुलूख आहे. तेव्हा तो टिहरी संस्थानात होता. याच खोऱ्यांतून लाखो देवदारी स्लीपर खाली गेले होते. संस्थानानेही ब्रिटिशांच्याच धर्तीवर जंगलाची नवी आखणी केली. हद्दी थेट गावाच्या कुडांपर्यंत आल्या. चराई, गुरांची संख्या, घराला लागणारे लाकूड, सगळ्यांवर बंधने पडली. लोकांनी आपली 'आझाद पंचायत' स्थापन केली आणि रानावरचा आपला हक्क जाहीर केला. राजा नरेंद्रशाह तेव्हा युरोपात होता. दिवाण चक्रधर जुयाल याने फौज पाठविली. ३० मे १९३० रोजी यमुनेच्या काठी तिलाडीच्या माळावर सभेला जमलेल्या लोकांना फौजेने वेढले आणि गोळीबार केला. काहींनी जीव वाचविण्यासाठी नदीत उड्या घेतल्या. मेलेल्यांच्या आकड्यांत सरकारी बाजू आणि लोकांची बाजू यांचा कधीच मेळ बसला नाही. ज्या प्रवाहातून त्यांच्या रानाचे लाकूड गेले त्याच प्रवाहातून त्यांची प्रेते गेली.

ते साल आपल्याही ओळखीचे आहे. त्याच १९३० च्या फेब्रुवारीत जी. आय. पी. रेल्वेच्या कामगारांनी मोठा संप केला होता. स्लीपरच्या एका टोकाला रान गमावलेला डोंगरी शेतकरी, दुसऱ्या टोकाला रुळांवर राबणारा कामगार. दोघे एकाच वर्षी उठले आणि दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. त्याच साली महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह पेटला. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगलचा कायदा मोडला. सांगलीकडे बिळाशी उठली. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला, आक्कादेवीच्या डोंगरावर, सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. आमच्या मते तिलाडी आणि चिरनेर ही दोन नावे शाळेच्या पुस्तकात एकाच ओळीत यावयास हवीत.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. सरकारने रान ताब्यात घेतले नसते तर विल्सनसारख्या मक्तेदारांनी देवदार शिल्लक ठेवला असता काय? नसता ठेवला. जंगलखात्याने तोडीला आराखडा लावला, नव्या लागवडी केल्या, डेहराडूनला १९०६ साली संशोधन संस्था उघडली. चिडाच्या लाकडाला औषध पाजून स्लीपर करण्याची रीत तेथील प्रयोगांतून वाढली आणि देवदारावरचा भार काहीसा हलका झाला. हे सारे त्या खात्याच्या जमेस धरू. पण मक्तेदार की सरकार, एवढ्या दोनच वाटा होत्या हे मात्र आम्हाला मान्य नाही. तिसरी वाट ब्रँडिसला दिसत होती, सार्वजनिक सभेलाही दिसत होती. शेजारच्या कुमाऊंत १९२१ साली जंगलांवरून एवढा असंतोष झाला की सरकारला नमावे लागले आणि १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले. आज उत्तराखंडात दहा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. साऱ्याच उत्तम चालतात असे नाही. आपल्या सहकारी सोसायट्या तरी कोठे साऱ्या उत्तम चालतात? पण जेथे गावाच्या हाती खरा अधिकार राहिला तेथे रानही राहिले, अशी उदाहरणे त्यांत पुष्कळ आहेत.

स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, कायदा बदलला नाही. १९२७ साली नव्याने बांधलेला तोच जंगल कायदा चालू राहिला. राने लिलावाने ठेकेदारांना जात राहिली. १९७३ साली गढवालात मंडल येथे आणि १९७४ च्या मार्चमध्ये रैणी गावी गौरादेवी व तिच्या सोबतिणींनी ठेकेदाराच्या माणसांना झाडाला हात लावू दिला नाही, तेव्हा 'चिपको' हे नाव जगभर गेले. पुढे १९८१ साली उत्तर प्रदेशाच्या डोंगराळ भागात एक हजार मीटर उंचीवरची हिरवी झाडे तोडण्यास पंधरा वर्षांची बंदी आली. मध्यंतरी रेल्वेनेही लाकूड सोडले. आज रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर आहेत. देवदाराचा तो शत्रू आता उरला नाही.

परंतु झाड कोणाला विचारून तोडावयाचे, हा प्रश्न उरलाच आहे. विल्सनच्या त्याच हर्सिलच्या परिसरात, गंगोत्रीच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी हजारो देवदार तोडावे की नाही, यावर अलीकडेच मोठा वाद झाला. रस्ता हवा की झाड हवे, याचा निकाल आम्ही येथून देऊ इच्छीत नाही. यात्रेकरू, सैनिक आणि गावकरी यांच्या गरजा आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याच्या डोक्यावर तो उतार आहे त्याचे मत निकालाच्या आधी घेतले जावे. उतारावरचे झाड गेले की माती सुटते, आणि ती दिल्लीच्या कचेरीत येऊन पडत नाही.

२००६ साली संसदेने जो कायदा केला त्याच्या नावातच 'वन हक्क' हा शब्द आहे. वनवासी जनतेवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्याच्या प्रस्तावनेत आहे. बेडन-पॉवेलने खोडलेला शब्द सव्वाशे वर्षांनी पुन्हा लिहिला गेला. त्या कायद्याने गावाच्या सामूहिक वनहक्काला पहिली मान्यता मिळवणाऱ्यांत आपल्या गडचिरोलीचे मेंढा-लेखा आहे. ते साल २००९. तरीसुद्धा हक्काचा कागद हाती असलेल्या या गावाला आपलाच बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा परवाना मिळवावयास २०११ उजाडले. कागदावर आलेला हक्क हातात यावयास आणखी एक लढा लागतो, हे कामगाराला नवे नाही.

या सभागृहात बसलेल्यांपैकी फार थोडे कधी देवदाराच्या रानात जातील. पण ग्रामसभांचे वनहक्काचे दावे आपल्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांतही येतात. ते फेटाळले जातात तेव्हा कारण बहुधा तेच असते : लेखी पुरावा पुरेसा नाही. शहरात वकील आहेत, जुनी दप्तरे वाचणारे आहेत, अर्ज लिहिणारे आहेत. त्यांतल्या चार जणांनी वर्षातले चार दिवस एखाद्या गावाचा दावा नीट लिहून देण्यासाठी काढले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.